जिभेची जात आणि कारल्याचा आळ

पीटीसी या रसायनात भिजवलेली कागदी पट्टी जिभेवर ठेवायची. तोंड वाकडं झालं तर तुमची जीभ तल्लख, काहीच कळलं नाही तर मठ्ठ. जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हा खेळ झकास रंगतो. पण त्याच जोरावर ‘कारलं आमच्या जनुकांतच बसत नाही’ असं कुणी ऐकवू लागलं, की हरकत घ्यावी लागते.

पट्टीमागचा शोध खराच आहे. १९३१च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्याकडून पीटीसीची भुकटी हवेत उडाली. सहकारी नोलर यांना ती कडू लागली, फॉक्सना चव म्हणून लागली नाही. २००३मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं, टीएएस२आर३८. इथवर वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या उडीशी. या जनुकाचा ग्राहक, म्हणजे जिभेवरचं चव टिपणारं प्रथिन, ओळखतो ते नत्र-कर्ब-गंधक अशी जोडणी असलेले रेणू. कोबी-मोहरीच्या कुळातली काही द्रव्यं त्यांतलीच. कारल्याला कडू करणाऱ्या मुख्य द्रव्यांत गंधकच नाही! कडू ओळखणारे ग्राहक माणसाकडे २५च्या आसपास आहेत, आणि पट्टी साक्ष काढते त्यांतल्या एकाची. जीभ निळी रंगवून तिच्यावरचे उंचवटे मोजायची घरगुती चाचणी तर त्याहून लंगडी. डेन्व्हरच्या संग्रहालयात झालेल्या अभ्यासात उंचवट्यांची दाटी आणि कडूची जाणीव यांचा मेळ बसला नाही.

तरीही जीभ तपासावी, असंच मी म्हणेन; फक्त नीट. तुमचं ‘फार कडू’ आणि माझं ‘फार कडू’ सारखं कशावरून? चवीच्या अभ्यासक लिंडा बार्टोशुक यांनी यावर तोड काढली: कडूपणाची तुलना आवाजाच्या मोठेपणाशी करायला लावायची. शिवाय एका पट्टीवर न थांबता बिनसाखरेची कॉफी, मेथी, टॉनिक वॉटरमधलं क्विनाइन हेही चाखावं, मध्ये चूळ भरून.

आणि मीठ विसरू नये. मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं आणि त्याआड लपलेली गोडी वर येते, हे ब्रेस्लिन आणि बोशाँ या संशोधकांनी १९९७मध्ये दाखवलं. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून पिळणाऱ्या, वर गूळ घालणाऱ्या बायकांना त्यासाठी कुणी पट्टी दिली नव्हती. जनुकाचा दाखला पुढे करणाऱ्यांनी एक चकती मीठ लावून आणि एक तशीच, अशा दोन परतून खाव्यात, मग बोलू.