आकडे आहेत, नावे नाहीत

देवगाव रंगारी माझे आजोळ. परवा नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या आजीचे माहेरचे नाव काय?" मी निरुत्तर! निजामी राज्यात 1881 साली पहिली खानेसुमारी झाली. पण छापील अहवालांत आकडेच आहेत. ब्रिटनने 1921 ची घरोघरची पत्रके 2022 साली खुली केली. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याने ती पाहताच येत नाहीत. बँकेत मी जन्मभर बेरजा जुळवल्या, पण खातेदाराच्या नावाविना बेरजेला अर्थ काय? 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली जुनी उर्दू-मोडी दप्तरे उघडली गेली. दाखला मिळाला की ती पुन्हा बासनात जाऊ नयेत. तोवर आजच्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी वही घेऊन बसा. आधी बायकांची नावे विचारा. ती सर्वांत आधी पुसली जातात.