माहिती देणारी : आई

मुलांच्या वॉर्डात विद्यार्थी केस लिहायला बसतात, तेव्हा नाव, वय, पत्ता यांच्यानंतर एक ओळ येते. माहिती देणारी व्यक्ती : आई. तिच्याखाली दुसरी. माहितीची विश्वासार्हता. इतक्या वर्षांत माझ्यापुढे कुणी 'चांगली' लिहिले, कुणी 'बेताची'.

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. पहाटे डबा करून कोपरखैरण्याहून निघायचे, परतायला संध्याकाळ. तिची शाळा बुडते, माझा खाडा होतो. दिलेल्या रक्तातले लोह शरीरात साठून हृदय आणि यकृत बिघडवते, म्हणून ते काढणारी गोळी रोज. या श्रमांना केसपेपरात रकाना नाही.

एकदा परीक्षेसाठी तिला 'केस' म्हणून बसवले. एकामागून एक विद्यार्थी तिची प्लीहा चाचपून गेले. मला कुणी विचारले नाही, तिला तर नाहीच. घरी येताना ती म्हणाली, "माझं नाव कुणी विचारलंच नाही."

त्यांच्यातली एक मुलगी मात्र पुढच्या वेळी रक्त चढेपर्यंत शेजारी बसली, नंतर घरीही आली. गोळी उपाशीपोटी द्यायची असते. नेमक्या त्याच वेळी मी पाणी भरून कामावर निघते. वॉर्डात याचे नाव होते 'आईचा निष्काळजीपणा'. घरी आल्यावर तिला खरे कारण दिसले. सासूबाई माझ्या 'दोषा'विषयी बोलू लागल्या, तेव्हा तिने कागदावर आकृती काढली. आई आणि बाप दोघेही वाहक असले तरच मूल असे जन्मते, आणि दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक. नवऱ्याचा रिपोर्ट इतकी वर्षे कपाटात होता. त्या दिवशी सासूबाईंनी तो पहिल्यांदा हातात घेतला.

मैत्रिणींनो, हे एका चांगल्या मुलीच्या मर्जीवर का सोडावे? 2019 च्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय आला. 2022 मध्ये विद्यार्थ्यांनी खेड्यातली कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला. 'दत्तक' शब्द मला खटकतो, आम्ही पोरके नाही. पण वाट योग्य आहे. नवी मुंबईत नेरुळला, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या रुग्णालयात कर्करोगाची मुले दूरदूरच्या गावांहून येतात. शिकवणाऱ्या आया इथेच आहेत.

आपण मागणी करावी : एका विद्यार्थ्याने एका दीर्घ आजारी मुलाबरोबर निदान एक वर्ष राहावे. घरी, शाळेत, आणि दाखल्याच्या रांगेतही, कारण 2016 च्या कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांना अपंगत्वात धरले आहे. आईची आणि मुलाची परवानगी आधी घ्यावी. आईचा खाडा महाविद्यालयाने भरून द्यावा. आणि बापालाही बोलवावे.

एक सावधगिरी. यातून 'थोर माऊली'ची आरती निघायला नको. देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईला कुणी कामात हात देत नाही. विद्यार्थ्यांनी माझी माया पाहून डोळे पुसावेत असे मला वाटत नाही. पहाटेची गोळी बाप का देत नाही, हे त्यांनी केसपेपरात लिहावे.