मदत नको, भरपाई हवी!

ऊसतोड कामगारांची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली की पुढचे सगळे ठरलेले असते. पुढारी दवाखान्यात येतात, फोटो निघतात, 'मदत' जाहीर होते. मग ट्रॅक्टरमालक किंवा मुकादम हातावर काही हजार ठेवतो आणि 'आमची तक्रार नाही' असे लिहून घेतो. आमचा आक्षेप 'मदत' या शब्दालाच आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. नुकसानभरपाई मागणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा हक्क आहे.

पण हक्क मागायला गेलो तरी जात पाठ सोडत नाही. भरपाईचा हिशेब उत्पन्नावर होतो. वयानुसार गुणक लावतात. सरला वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली तो ठरवून दिला. तिशीच्या इंजिनिअरला १७ आणि तिशीच्या ऊसतोड मजुरालाही १७. गुणकात समता, गुण्यात मात्र चातुर्वर्ण्य! इंजिनिअर पगाराची पावती आणतो. आपल्या माणसाचा हिशेब मुकादमाच्या वहीत, तोही उचल म्हणून. मग न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली, अक्षर नाकारले, त्यांच्याकडे आज कागद नाही म्हणून त्यांचा तुटलेला पाय स्वस्त?

बाईचे तर नावच नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल नवऱ्याच्या नावावर. डोक्यावर मोळ्या वाहणारी बाई जखमी झाली की दाव्यात तिचा धंदा लिहितात 'घरकाम'. हे लिहिणारे कधी कधी आपलेच वकील असतात.

आणि चूक कोणाची? कागदावर चालकाची. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला नकार दिला. शेवटी सराव नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचे पायाचे हाड मोडले. पंचनामा झाला असता तर 'अननुभवी चालक' एवढेच लिहिले गेले असते. आजही तसेच. माणसांना बसऐवजी ट्रॉलीत कोण भरते, हे कोणी विचारत नाही. विमा कंपनी म्हणते, ट्रॉलीत माणसे बसवणे पॉलिसीत नाही. ज्याच्या गव्हाणीत तो ऊस पडणार, तो कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नाहीत.

'कोर्टात वर्षे जातात, मिळते ते घ्या,' असे आपलेच लोक सांगतात. चूल थंड असताना हे खरे वाटते, आम्ही ते नाकारत नाही. पण कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांचा दावा करता येतो. हे अंगठा घेणाऱ्याला ठाऊक असते, देणाऱ्याला नसते.

डॉक्टरने ४० टक्के अपंगत्व लिहिले, म्हणून कमाईही ४० टक्केच बुडाली असे नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या माणसाचा धंदा काय ते पाहा. हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकेल, सुताराचे सगळेच जाते. कोयता धरणाऱ्याचे काय होते? हे वकिलाने मागितले नाही तर न्यायाधिकरण आपणहून देईलच असे नाही.

मुदत अपघातापासून ६ महिन्यांची. तिला आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. अपघात सांगलीला झाला आणि कामगार बीडचा असेल तर दावा बीडलाही दाखल होतो, फडापर्यंत हेलपाटे नकोत. जयभीम म्हणणाऱ्या प्रत्येक वकिलाने या हंगामात असा एक तरी दावा चालवावा. कार्यकर्त्यांनी एफआयआर आणि दवाखान्याचे कागद जमवावेतच, पण त्याआधी मुकादमाच्या वहीचा फोटो काढावा आणि टोळीतल्या दोघा-तिघांचे जबाब घ्यावेत, त्यात बाईचे नाव आणि तिचे काम वेगळे लिहून.