मॅरेथॉनची गोष्ट सांगताना



शाळेत क्रीडा सप्ताह आला की परिपाठात मॅरेथॉनची गोष्ट ठरलेलीच असते. मीसुद्धा कितीतरी वर्षं ती तशीच सांगत आले. इ.स.पूर्व 490 मध्ये ग्रीसमधल्या मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने बलाढ्य पर्शियन सैन्याला हरवलं. ती बातमी घेऊन फिडिपिडीस नावाचा दूत न थांबता अथेन्सपर्यंत धावला, ‘आपण जिंकलो’ एवढंच बोलला आणि तिथेच कोसळून मेला. तात्पर्य काय, तर जिद्द असावी तर अशी! मुलं टाळ्या वाजवतात आणि आपण पुढच्या तासाकडे वळतो.

गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने विचारलं, “बाई, त्याला वाटेत कुणी पाणी नाही दिलं का?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. आदल्याच आठवड्यात स्पर्धेत आमचा एक मुलगा चक्कर येत असतानाही धावत राहिला होता. शर्यत संपताच तो खाली बसला आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं होतं. त्याला आधी थांबवायला हवं होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. आपण सांगतो त्या गोष्टी मुलं खऱ्या धरतात, हे मला त्या प्रश्नाने दाखवून दिलं.

मग मी वाचायला बसले. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार. लढाईनंतर काही दशकांनीच त्याने लिहून ठेवलं. तो सांगतो की हा धावपटू लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला गेला होता. हे अंतर साधारण 240 किलोमीटर. स्पार्टाचे लोक धार्मिक प्रथेमुळे पौर्णिमेआधी निघायला तयार नव्हते, त्यामुळे मदत वेळेवर आलीच नाही. मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन मेलेल्या दूताची गोष्ट हेरोडोटस सांगतच नाही. ती सापडते पाच-सहाशे वर्षांनंतरच्या लेखकांकडे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दंतकथा जरूर सांगावी, पण दंतकथा म्हणूनच सांगावी. आणि त्याच मॅरेथॉन ते अथेन्स रस्त्यावर खरोखर घडलेल्या गोष्टी तिच्या जोडीला सांगाव्यात. मुलांना त्यांतून जास्त मिळतं.

पहिली गोष्ट 1896 ची. ऑटोमन सत्तेखालून स्वतंत्र होऊन ग्रीसला जेमतेम 66 वर्षं झाली होती. 1893 मध्ये तर सरकारचं दिवाळं निघालं होतं. अशा देशाने पहिलं आधुनिक ऑलिम्पिक भरवलं. जुन्या स्टेडियमला पुन्हा संगमरवरी रूप देण्यासाठी जॉर्ज अवेरॉफ या व्यापाऱ्याने पैसा दिला. स्पर्धा सुरू झाल्या, पण मैदानी खेळांत ग्रीकांना सुवर्ण मिळेना. त्यांच्या हक्काच्या थाळीफेकीतही अमेरिकेचा रॉबर्ट गॅरेट जिंकला. उरली मॅरेथॉन. सुरुवातीला परदेशी धावपटू पुढे होते. पण 800 आणि 1500 मीटर जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅकही शेवटच्या टप्प्यात गळून पडला. आणि स्टेडियममध्ये सर्वांत आधी शिरला स्पिरिडॉन लुईस, अथेन्सजवळच्या मारूसी गावचा साधा पाणी वाहणारा माणूस! वेळ 2 तास 58 मिनिटं 50 सेकंद. ग्रीसचे दोन राजपुत्र त्याच्यासोबत शेवटपर्यंत धावले.

माझ्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितलं. “बाळा, दंतकथेत पाणी देणारा कुणी नाही. खऱ्या शर्यतीत मात्र पाणी वाहणाराच पहिला आला, आणि तो जिवंत राहिला.” लुईस घरी परतला आणि पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही.

पण त्याच शर्यतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिसरा आलेला बेलोकास हाही ग्रीकच. त्याने काही अंतर घोडागाडीत बसून पार केल्याची तक्रार हंगेरीच्या केलनरने केली. ती खरी निघाली आणि ग्रीक पंचांनी आपल्याच माणसाला बाद करून केलनरला तिसरा क्रमांक दिला. आपल्या वर्गाचा, आपल्या शाळेचा मुलगा चुकला तर आपण काय करतो? हा प्रश्न मुलांआधी आपणच स्वतःला विचारावा.

त्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना प्रवेशच नव्हता. स्टामाटा रेविथी ही गरीब आई दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने एकटी धावली. तिला स्टेडियममध्ये येऊ दिलं नाही. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली ती थेट 1984 मध्ये! वर्गातल्या मुलींना हे कळायला नको का?

थोड्या मोठ्या मुलांसाठी 1963 ची गोष्ट आहे. ग्रिगोरिस लाम्ब्राकिस हा लांब उडीतला विजेता, पुढे डॉक्टर आणि खासदार झाला. अण्वस्त्रांच्या विरोधात मॅरेथॉन ते अथेन्स शांतता मोर्चा निघणार होता, पण पोलिसांनी त्यावर बंदी घातली. खासदार म्हणून लाम्ब्राकिसला संरक्षण होतं, म्हणून तो हातात फलक घेऊन एकटाच चालू लागला. पुढच्याच महिन्यात थेस्सालोनिकीत त्याच्यावर हल्ला झाला आणि 27 मे रोजी त्याचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. रस्ता तोच होता, पण या वेळी शर्यत पदकासाठी नव्हती.

आणि 2004. ऑलिम्पिक पुन्हा अथेन्सला, मॅरेथॉन पुन्हा त्याच रस्त्यावर. ब्राझीलचा वांदरलेई दी लिमा आघाडीवर असताना एका माथेफिरूने त्याला ढकलून गर्दीत नेलं. एका ग्रीक प्रेक्षकाने धावत येऊन त्याला सोडवलं. दी लिमा पुन्हा धावू लागला, तिसरा आला आणि हसत, हात पसरून स्टेडियममध्ये शिरला. पुढे 2016 च्या रिओ ऑलिम्पिकची ज्योत त्याच्याच हातून पेटली. त्या शर्यतीचं सुवर्ण इटलीच्या बाल्दिनीला मिळालं, पण माझ्या वर्गाला लक्षात राहिला तो सोडवणारा प्रेक्षक.

काही सहकारी म्हणतात, “एवढ्या खोलात कशाला जायचं? मुलांना स्फूर्ती मिळाली की झालं.” मला हे पटत नाही. खोट्या गोष्टीतून मिळालेली स्फूर्ती मूल मोठं झालं की ओसरते, आणि सोबत आपल्यावरचा विश्वासही घेऊन जाते. शिवाय ‘मरेपर्यंत धाव’ हे आपल्याला आठ-दहा वर्षांच्या लेकरांना खरंच शिकवायचं आहे का?

मी आता फळ्यावर एक आडवी रेघ मारते. एका टोकाला मॅरेथॉन, दुसऱ्या टोकाला अथेन्स. त्यावर इ.स.पूर्व 490, 1896, 1963, 2004 लिहिते आणि तीन प्रश्न विचारते. हे खरंच घडलं की नंतर कुणी रचलं? कोणाला धावू दिलं नाही? कोणी कोणाला मदत केली? मुलं जी उत्तरं देतात, ती कोणत्याही स्वाध्यायात सापडणार नाहीत.

पालकांना एक विनंती. मूल शर्यतीहून घरी आलं की ‘कितवा आलास?’ याआधी ‘पाणी प्यायलास का?’ हे विचारा.

आणि शिक्षक मित्रांनो, यंदाच्या क्रीडा सप्ताहात ही रेघ तुमच्याही फळ्यावर काढून बघा. मुलांनी काय विचारलं, ते मला नक्की कळवा.