विश्लेषण : शैक्षणिक कर्ज थकले, गेलेली पत परत कशी मिळवायची?

‘नोकरी लागली की फेडू’ या एका वाक्यावर देशातील बहुतेक शैक्षणिक कर्जे उभी असतात. पदवी हाती येते, नोकरी मात्र वेळेवर येत नाही. आली तरी पगार हप्त्याला पुरत नाही. मग बँकेचे फोन टाळले जातात, गावच्या पत्त्यावर नोटीस जाते आणि काही वर्षांनी, हाती पैसे आल्यावर कळते की आता दुसरे कोणतेही कर्ज मिळत नाही. ऐपत आली, पण पत गेली. ती परत मिळते का? मिळते. मात्र त्याला वेळ लागतो आणि वाटेत घेतलेला एक चुकीचा निर्णय हा वेळ आणखी लांबवतो.

कर्ज ‘थकीत’ कधी ठरते?

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या सवलतीच्या काळातही व्याज चालूच असते, हे अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. समजा, दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख रुपये १० टक्के सरळव्याजाने घेतले आणि पाच वर्षे काहीच भरले नाही, तर परतफेड सुरू होताना येणे ५ लाख ४० हजार रुपये झालेले असते.

परतफेड सुरू झाल्यावर हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, की खाते ‘एनपीए’ म्हणजे अनुत्पादित ठरते. त्याआधीही ३०, ६० आणि ९० दिवसांच्या टप्प्यांवर खात्यावर धोक्याची नोंद होत जाते. ही माहिती ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्यांकडे जाते. तेथे ३०० ते ९०० या दरम्यान गुण ठरतो. ७५० च्या वरचा गुण साधारणपणे चांगला समजला जातो.

फटका फक्त विद्यार्थ्यालाच का?

नाही. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलाचा हप्ता थकला, की नोंद पालकांच्या अहवालातही उमटते. घरदुरुस्तीचे कर्ज अडते, धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी अर्ज केला तर बँक थोरल्याच्या थकबाकीकडे बोट दाखवते. म्हणून पत सावरायला घेताना अहवाल एकट्याचा नव्हे, घरातील सर्व सहकर्जदारांचा काढावा.

आणखी एक गैरसमज असा, की साडेसात लाखांपर्यंतच्या बिनतारण कर्जाला सरकारी हमी असते, मग बँकेचे पैसे तिकडून वसूल होतात. ही हमी थकीत रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत असली, तरी ती बँकेसाठी आहे. कर्जदाराचे देणे त्यामुळे संपत नाही. बँकेने कर्ज ‘राइट-ऑफ’ केले, तरीही ते माफ झालेले नसते. तो बँकेच्या हिशेबवहीतला व्यवहार असतो.

हप्ता झेपत नसेल तर काय करावे?

पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. आदर्श योजनेत परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत नेण्याची सोय आहे. नोकरी नसण्याच्या किंवा अपुऱ्या पगाराच्या काळात कर्जाच्या मुदतीत दोन-तीन वेळा हप्त्यांना स्थगिती देण्याचाही विचार बँक करू शकते. वरच्या उदाहरणातील ५ लाख ४० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये येतो. पंधरा वर्षांचा ५,८००. एकूण व्याज जवळपास १ लाख ९० हजारांनी वाढते, हे खरे. पण तेरा-चौदा हजार पगार असलेल्यासाठी हा तेराशे रुपयांचा फरक हप्ता भरणे आणि चुकवणे यांतला फरक असू शकतो.

‘सेटलमेंट’चा मोह का टाळावा?

जुन्या थकीत खात्यावर बँक किंवा वसुली संस्था एक दिवस प्रस्ताव देते : पाच लाखांऐवजी अडीच लाख एकरकमी भरा आणि मोकळे व्हा. लोकअदालतीतही अशा तडजोडी होतात. कर्जदाराला वाटते, प्रकरण मिटले. अहवालात मात्र खात्यापुढे ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शब्द येतो. याचा अर्थ : कर्ज पूर्ण फेडले नाही, बँकेने तोटा सोसला. पुढचा प्रत्येक सावकार हा शब्द वाचतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार शेतीव्यतिरिक्त कर्जात तडजोड झाल्यावर त्या बँकेने किमान १२ महिने त्या व्यक्तीला नवे कर्ज देऊ नये, असेही बंधन आहे.

म्हणून शक्य असेल तर थोडा वेळ मागावा, दंडात्मक आकार कमी करण्याची विनंती करावी, पण मुद्दल आणि व्याज पूर्ण फेडून खाते ‘क्लोज्ड’ करून घ्यावे. सारेच अशक्य असेल, घरात आजारपण किंवा मृत्यू ओढवला असेल, तर तडजोड करण्यात लाज नाही. न फेडलेल्या कर्जापेक्षा ती बरीच. पुढे पैसे आल्यावर उरलेली रक्कम भरून नोंद बदलून देण्याची विनंती बँकेला करता येते. दोन्ही बाबतींत पैसे फक्त कर्जखात्यात भरावेत, वसुली प्रतिनिधीच्या हाती रोख देऊ नयेत आणि ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घेतल्याशिवाय शाखा सोडू नये. वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

पत पुन्हा उभी कशी होते?

जुने देणे मिटल्यावर अहवाल कोरा राहिला, तर गुण आपोआप फारसा वाढत नाही. नव्या, वेळेवर फेडलेल्या व्यवहारांची नोंद व्हावी लागते. त्यासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दहा-वीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर मिळणारे क्रेडिट कार्ड. ठेव तारण असल्याने बँक कमी गुण असतानाही ते देऊ शकते. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, किराणा किंवा वीजबिलापुरता वापर करावा आणि दरमहा पूर्ण बिल भरावे. ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकलू नये.

गुण सुधारला का हे पाहण्यासाठी महिन्याला चार ठिकाणी कर्जाचे अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दिसते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुण कमी होत नाही. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. पतमाहिती किमान सात वर्षे जपली जाते, त्यामुळे डाग लगेच पुसला जात नाही. पण हप्त्यांचा महिनावार तपशील साधारण शेवटच्या ३६ महिन्यांचा दिसतो. सलग स्वच्छ महिन्यांना म्हणूनच किंमत आहे.

नोंदच चुकीची असेल तर?

कर्ज फेडूनही थकबाकी दिसणे, हा प्रकार दुर्मीळ नाही. अशी तक्रार पतमाहिती कंपनीकडे किंवा बँकेकडे ऑनलाइन करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ‘पाच हजारांत सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना यातले काहीही जास्तीचे करता येत नाही. चुकीची नोंद मोफत दुरुस्त होते. खरी नोंद पैसे देऊनही पुसता येत नाही.

मग प्रश्न कुठे उरतो?

नोकरीच्या दारात. सरकारी बँकांच्या भरतीत उमेदवाराचा पतइतिहास तपासला जातो. परतफेडीतील कसुरीमुळे स्टेट बँकेने रद्द केलेली एक नियुक्ती मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्दच ठेवली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याची आर्थिक शिस्त तपासावी, यात चूक नाही. पण हाच निकष बेकारीत थकलेल्या शैक्षणिक कर्जाला लावला, तर चक्र पूर्ण होते : नोकरी नाही म्हणून कर्ज थकले आणि कर्ज थकले म्हणून नोकरी नाही. केवळ सिबिल गुण कमी म्हणून विद्यार्थ्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले, ते याच विचारातून. कर्ज देताना जो विवेक अपेक्षित आहे, तो नोकरी देतानाही हवा. ऐपत असूनही न फेडणारा आणि नोकरी लागताच फेडायला आलेला, या दोघांत फरक करणारी नोंद व्यवस्थेने ठेवायला हवी.

ती होईपर्यंत कर्जदाराच्या हाती एकच गोष्ट आहे : बँकेचा फोन न टाळणे. पत हप्ता चुकल्यावर घसरते खरी. ती बुडते मात्र हप्ता चुकल्यानंतरच्या मौनात.