यादी वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका

मागच्या महिन्यात बाबांच्या लॅपटॉपवरचं डेबियन १२ काढून १३ वर नेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीचं नाव ट्रिक्सी. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात, त्यामुळे घरातल्या छोट्यांना तेवढं लगेच कळलं.

अपग्रेड सुरळीत झालं. पसारा उरला तो नोंदींत. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद ‘डीपीकेजी’ ठेवतो आणि आवृत्ती बदलली म्हणून जुन्या नोंदी आपोआप जात नाहीत. काही पॅकेजं दुसऱ्या कशासाठी तरी आलेली असतात, आता कुणालाच नको असतात. ती ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने जातात. काही काढलेली असतात, पण त्यांच्या सेटिंगच्या फायली मागे राहतात. यादीत त्यांच्यापुढे ‘आरसी’ दिसतं. आणि तिसरी ‘ऑब्सोलीट’.

मी फसलो ते इथे. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे निकामी, असं मी धरून चाललो. खरा अर्थ एवढाच, की तुम्ही नोंदवलेल्या कुठल्याच भांडारात हे पॅकेज मिळत नाही. पन्नासेक नावं होती. न वाचता ‘वाय’ दाबलं.

त्यात बाबांच्या प्रिंटरचा ड्रायव्हर होता. कंपनीच्या साइटवरून उतरवून मीच बसवलेला. भांडारात तो कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंडळाची वार्षिक सभा. रात्री साडेदहाला बाबा म्हणाले, “अरे, काल तर चालत होता! जमाखर्चाच्या साठ प्रती काढायच्यात.” साइटवर पाहिलं, तर त्या जुन्या मॉडेलचं पानच नव्हतं. अपग्रेडआधी घेतलेल्या बॅकअपमध्ये ती फाइल सापडली, म्हणून वाचलो. प्रती निघेपर्यंत बाबा शेजारी बसून होते. एकदाच म्हणाले, “तू इंजिनिअर ना रे?”

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी बॅकअप. अपग्रेडसाठी बंद केलेली बाहेरची भांडारं नव्या आवृत्तीला चालत असतील, तर ती पुन्हा सुरू करून ‘ॲप्ट अपडेट’; नाहीतर चांगली पॅकेजंही ‘ऑब्सोलीट’ दिसतात. मग ‘ॲप्ट’ला ‘-एस’ लावून नुसती तालीम. काय जाणार ते दिसतं, जात काहीच नाही. ऑटोरिमूव्हच्या यादीत हवं असलेलं काही दिसलं, तर त्याला ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’. आणि शेवटी, चहा घेत, यादीतलं एकेक नाव वाचायचं.

ओळखीचं नाव नसेल, तर ते राहू द्यावं. थोडी जागा अडेल, पण साठ प्रती अडणार नाहीत.