गट गावाप्रमाणे!

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरूडकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाईल बंद. अशा वेळी गावातून एखादाच फोन लागतो, तोही मुंबईतल्या एखाद्या घरी. पुढे सगळ्या गोतावळ्याला खुशाली कळवायची ती त्याच घराने!

म्हणून मंडळी, जीमेलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये आत्ताच लेबलं करून ठेवा. पण 'फॅमिली' असं एकच ढोबळ लेबल नको. माझ्या मते गट गावाप्रमाणे हवेत. मुरूडचे ते मुरूडचे, मग राहोत पुण्यात की अमेरिकेत. कॉम्प्युटरवर बीसीसीत लेबलाचं नाव टाइप केलं की सगळे पत्ते येतात आणि कुणाचा पत्ता चव्हाट्यावरही येत नाही.

आणि हो, गणपतीत सगळे जमले की यादी तपासून घ्या. बदललेले पत्ते तेव्हाच कळतात.